शब्दाचे शेपूट वाचा, मग सही करा

देऊळघाटच्या माझ्या दवाखान्यात काही रुग्ण नुसता कागद घेऊन येतात. ताप नसतो, खोकला नसतो. बुलढाण्याला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला तपासणी झालेली असते आणि घरच्यांचा प्रश्न एकच असतो, "डॉक्टरसाहेब, यावर काय लिहिलंय?" सोबत कॉलेजात शिकणारा मुलगा असतो. तो अक्षरे लावून शब्द वाचून दाखवतो, पण अर्थ त्यालाही लागत नाही. त्यात त्याची काही चूक नाही. हे शब्द इंग्रजी लिपीत असले तरी मुळात बहुतेक ग्रीक आहेत, काही लॅटिन आहेत. इंग्रज शेतकऱ्यालाही ते शिकविल्याशिवाय समजत नाहीत.

पण यात एक सोय आहे. हे शब्द रेल्वेच्या डब्यांसारखे जोडलेले असतात. पुढचा डबा बहुधा शरीराचा भाग सांगतो. शेवटचा डबा तिथे काय झाले आहे, किंवा तिथे काय करणार आहेत, ते सांगतो. अवयवांची नावे शेकडो आहेत, पण नेहमी भेटणारी शेपटे दहा-बाराच. तेवढी ओळखली तर निम्मा कागद वाचता येतो. आपल्याला ही पद्धत नवीन नाही. पोटशूळ म्हटले की पोटातली वेदना हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. 'मधुमेह' या शब्दात 'मेह' म्हणजे लघवीचा विकार आणि 'मधु' म्हणजे मध. युरोपातल्या वैद्यांनीही या रोगाला 'डायबिटीज मेलिटस' म्हटले. त्यातल्या 'मेलिटस'चा अर्थ मधासारखा गोड असाच आहे.

'आयटिस' म्हणजे दाह

सर्वांत जास्त भेटणारे शेपूट म्हणजे 'आयटिस'. टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, ब्रॉन्कायटिस, आर्थ्रायटिस. ग्रीक भाषेत या शेपटाचा अर्थ 'त्या अवयवाचा' एवढाच होता. 'आर्थ्रायटिस' म्हणजे सांध्याचा, आणि पुढे 'रोग' हा शब्द धरून चालायचे. नंतर वैद्यांनी त्याला दाह असा नेमका अर्थ दिला. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच लिहून ठेवली आहेत. 'अपेंडिसायटिस' हा शब्द मात्र अलीकडचा. अमेरिकेतील डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी तो १८८६ साली रूढ केला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दाह म्हणजे जंतुसंसर्गच असे नाही. आर्थ्रायटिस बहुतेक वेळा सांधा झिजल्याने किंवा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने होतो. साधा ब्रॉन्कायटिस बहुधा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणून 'आयटिस' वाचले की मेडिकलमधून परस्पर कॅप्सूल आणू नयेत.

'अ‍ॅल्जिया' म्हणजे वेदना. मायाल्जिया म्हणजे स्नायू दुखणे, न्यूराल्जिया म्हणजे नसेचे दुखणे. गंमत म्हणजे 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दही वैद्यकातलाच आहे. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरापासून दूर राहणाऱ्यांच्या झुरण्याला हे नाव दिले. घरी परतण्याची वेदना, असा त्याचा अर्थ. 'ईमिया' हे शेपूट रक्ताचे. अ‍ॅनिमिया म्हणजे शब्दशः रक्त नसणे, प्रत्यक्षात रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे.

'ओमा' वाचून घाबरू नका

'ओमा' म्हणजे गाठ. या शेपटाने जितके लोक घाबरतात तितके दुसऱ्या कशाने घाबरत नाहीत. कारण 'कार्सिनोमा' हा शब्द आता खेड्यापाड्यांत पोचला आहे. 'कार्किनोस' म्हणजे खेकडा, आणि आपणही कर्करोगच म्हणतो. सार्कोमा, लिम्फोमा, मेलॅनोमा हेही कर्करोगच. पण लायपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ. ती वर्षानुवर्षे पाठीवर बसून राहते आणि बहुधा काही करीत नाही. ग्लॉकोमा, म्हणजे काचबिंदू, यात तर गाठच नसते. डोळ्याच्या निळसर-हिरव्या झाकेवरून ते नाव पडले. मात्र काचबिंदूने दृष्टी जाते, म्हणून गाठ नाही तर आजारही साधा, असे समजू नये.

बायाबापड्यांच्या सोनोग्राफीच्या कागदावर एक 'ओमा' वारंवार येतो, तो म्हणजे लायोमायोमा. 'लायो' म्हणजे गुळगुळीत, 'मायो' म्हणजे स्नायू. गर्भाशयाच्या स्नायूतली ही गाठ म्हणजेच आपण ऐकतो ती फायब्रॉइड. ती फार बायकांना असते. कित्येकींना तिचा त्रास होत नाही, पाळी गेल्यावर ती बहुधा आक्रसते, आणि तिचा कॅन्सर होणे अत्यंत दुर्मिळ आहे. पण 'ओमा' वाचून घर हादरते आणि 'काढूनच टाका' असे म्हणून मोकळे होते. म्हणून आता काढून टाकण्याच्या शेपटाकडे वळू.

पाहणे, कापणे आणि काढणे

'ग्राफी' म्हणजे चित्र काढणे. 'स्कोपी' म्हणजे आत डोकावून पाहणे. 'प्लास्टी' म्हणजे घडवणे, दुरुस्त करणे. अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेतात. अँजिओप्लास्टीत फुग्याने ती वाहिनी रुंद करतात आणि बहुधा स्टेंट बसवतात. हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिकमध्ये केली. 'अँजिओ करायची आहे' असे कोणी सांगितले तर शेपूट कोणते, ग्राफी की प्लास्टी, हे विचारावे. खर्चात आणि धोक्यात फार अंतर आहे.

यापुढची तीन शेपटे कानाला सारखीच लागतात. 'टॉमी' म्हणजे चिरणे, उघडणे. 'एक्टॉमी' म्हणजे कापून बाहेर काढणे. 'ऑस्टॉमी' म्हणजे तोंड करणे, मार्ग ठेवणे. लॅपरोटॉमी म्हणजे पोट उघडणे. अपेंडेक्टॉमी म्हणजे अपेंडिक्स काढणे. कोलॉस्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याला पोटावर तोंड करून देणे. शास्त्रीय मराठीत चिरण्याला छेदन आणि काढण्याला उच्छेदन म्हणतात. 'गर्भाशयोच्छेदन' हा शब्द अचूक आहे, पण तो ऐकून आमच्या मावशी-आजींना काय कळणार?

आपले बोलीतले शब्द सोपे आहेत, पण ते पुरेसे सांगत नाहीत. 'पिशवीचं ऑपरेशन झालं' असे बाई सांगते. पिशवी साफ केली, गाठ काढली की पिशवीच काढली? 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटले की रस्ता कळला, पण आतून काय काढले ते कळले नाही. दुर्बिणीतून नुसते पाहताही येते आणि अख्खे पित्ताशय काढताही येते. 'बिनटाक्याचं' म्हणजे नळ्या बंद केल्या, गर्भाशयाला हात लावलेला नाही. नसबंदीच्या 'ट्यूबेक्टॉमी' आणि 'व्हॅसेक्टॉमी' या शब्दांतही एक्टॉमी आहे, पण तिथे नळीचा लहानसा तुकडा जातो, अवयव जात नाही. हिस्टेरेक्टॉमीत मात्र सबंध गर्भाशय जाते. ग्रीक भाषेत 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय.

शेपटाची किंमत

ही केवळ भाषेची गंमत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ साली उघड झाले. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. पांढरे पाणी जाणे, पोट दुखणे अशा तक्रारींवर आणि कॅन्सरच्या भीतीवर तरुण वयात पिशव्या गेल्या. पुढे केंद्र सरकारने २०२२ साली अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि ती राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

दुसरे उदाहरण दिल्लीचे आहे आणि त्यात आपली शेपटे एकत्र भेटतात. १९९५ साली ४४ वर्षांच्या एका महिलेने लॅपरोस्कोपीला संमती दिली. गरज पडल्यास लॅपरोटॉमी, असेही कागदावर होते. म्हणजे दुर्बिणीने पाहणे, आणि लागलेच तर पोट उघडणे. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय, दोन्ही नळ्या व दोन्ही अंडाशये काढण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १६ जानेवारी २००८ रोजी न्यायालयाने सांगितले की तपासणीला दिलेली संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. सज्ञान बाई काही वेळाने शुद्धीवर येणार असेल तर तिच्या जागी आईची संमती चालत नाही. जीव वाचविण्याची तातडी असेल तरच अपवाद. डॉक्टरांना फी नाकारून बाईला २५,००० रुपये भरपाई देण्यात आली.

एक सावधगिरी सांगतो. काही कागदांवर शेपूट दिसतच नाही, कारण ते अक्षरांत लपलेले असते. 'टीएएच-बीएसओ' म्हणजे पोट उघडून सबंध गर्भाशय आणि सोबत दोन्ही बाजूंच्या नळ्या व अंडाशये काढणे. अंडाशये तरुणपणी गेली की पाळी एकदम कायमची थांबते. अंगातून वाफा निघतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. म्हणून 'बीएसओ' या तीन अक्षरांचा अर्थ सहीआधी कळायलाच हवा.

सही करण्यापूर्वी

यावरून ऑपरेशनला नाही म्हणावे असा अर्थ कोणी घेऊ नये. कॅन्सर असेल, रक्तस्राव औषधाने थांबत नसेल, तर गर्भाशय काढण्यानेच जीव वाचतो. आमचे सर्जन बंधू रात्री-बेरात्री हे काम करतात म्हणून कित्येक संसार उभे आहेत. पण शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर चार प्रश्न विचारण्याइतका वेळ नेहमीच असतो. एक, नुसते पाहणार आहात की काढणार आहात? दोन, काढणार असाल तर नेमके काय, आणि अंडाशये ठेवणार ना? तीन, याला दुसरा उपाय आहे का, आणि थांबले तर काय होईल? चार, भुलीखाली असताना काही नवीन आढळले तर काय करणार? संमतीपत्र आपल्याला कळेल त्या भाषेत समजावून घेणे हा आपला हक्क आहे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणखी एक काम घरोघरी करता येईल. आई, मावशी, सासूबाई यांचे जुने डिस्चार्ज कार्ड ट्रंकेतून काढा आणि त्यावरच्या ऑपरेशनच्या नावाचे शेपूट वाचा. काय काढले आणि काय शिल्लक आहे हे पुढच्या डॉक्टरला ठाऊक असणे फार गरजेचे असते. अर्थ लागला नाही तर कार्ड घेऊन जवळच्या दवाखान्यात जा. ज्या बाईचे ऑपरेशन झाले, तिलाही सोबत न्या. तिच्या शरीरातले काय गेले हे सर्वांत आधी तिला कळायला हवे.