छोटी गाडी, भरलेलं घर: सुझुकीची गोष्ट आणि मालकांचा हिशेब

दिवाळीच्या दोन दिवस आधी सकाळी वैशाली नगरच्या कुठल्याही गल्लीत चक्कर मारा. फाटकासमोर गाडी धुतली जातेय, डिकीत फराळाचे डबे, आजीची उशी आणि मुलांच्या बॅगा एकमेकांवर चढवल्या जातायत, आणि घरातून कुणीतरी ओरडतंय, "अहो, स्टेपनीत हवा बघितली का?" भिलाईतल्या कितीतरी मराठी घरांचा रस्ता या दिवसांत एकच असतो. जीई रोडला लागायचं, दुर्ग, राजनांदगाव मागे टाकायचं, बाघनदीला महाराष्ट्रात शिरायचं आणि देवरी, साकोली, भंडारा करत नागपूर गाठायचं. अडीचशे किलोमीटरच्या वर प्रवास. माहेर तिकडे, घर इकडे.

फाटकासमोरच्या गाड्यांवर कंपनीचं नाव बघितलंत, तर बऱ्याच जणींच्या दारात एकच सापडेल. देशात विकल्या जाणाऱ्या दर १० नव्या कारपैकी जवळपास ४ मारुती सुझुकीच्या असतात. तुमच्या दारातही कदाचित तीच असेल. आणि ती जुनी झाली असेल, तर घरात हा वादही चालू असेल. मुलगा म्हणतो, "बाबा, आता मोठी, दणकट गाडी घेऊ." बाबा म्हणतात, "हिला काय झालंय? एकदा तरी रस्त्यात दगा दिलाय का?"

दोघांचंही बरोबर आहे. ते कसं, हे कळण्यासाठी ही गाडी बनवणाऱ्या कंपनीचा स्वभाव ओळखायला हवा.

आईसाठी बनवलेला माग

जपानमधल्या हमामात्सू गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात १८८७ मध्ये मिचिओ सुझुकी जन्मले. शिकले सुतारकाम. आई हातमागावर कापड विणायची, तिचे कष्ट वाचावेत म्हणून त्यांनी पायाने चालणारा माग बनवला. शेजारपाजारच्यांनी तसाच मागितला आणि १९०९ मध्ये सुझुकीचा मागाचा कारखाना उभा राहिला. म्हणजे ही कंपनी आधी गाड्यांची नव्हतीच, विणकामाची होती. १९३०च्या दशकात मिचिओंनी कारचा प्रयोग सुरू केला, पण युद्धाने तो बंद पाडला.

युद्धानंतर मागांचा धंदा बसला. १९५२ मध्ये कंपनीने सायकलला ३६ सीसीचं छोटं इंजिन लावून विकायला सुरुवात केली. १९५५ मध्ये 'सुझुलाइट' ही ३६० सीसीची कार आली. आपल्याकडच्या साध्या मोटरसायकलचं इंजिन १०० ते १५० सीसीचं असतं, त्यावरून अंदाज करा! जपानमध्ये तेव्हा अगदी लहान कारसाठी वेगळे नियम आणि कमी कर होते. सुझुकीने त्याच मापात आपलं घर बांधलं. मोठ्या गाड्या इतरांनी कराव्यात, आपण कमी पैशात, कमी जागेत, कमी वजनात चार माणसं बसवायची.

या घराण्याची एक गंमत तुम्हाला आवडेल. आपल्याकडे घरजावयाची थट्टा होते, इथे कंपनी जावयांनी वाढवली. मिचिओंनंतर कारभार आला त्यांचे जावई शुन्झो यांच्याकडे, त्यांनी सुझुकी आडनाव घेतलं होतं. पुढे शुन्झो यांचे जावई ओसामू मात्सुदा तेच आडनाव घेऊन ओसामू सुझुकी झाले. १९७८ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि २०२१ पर्यंत कारभारात राहिले. पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस म्हणून ते प्रसिद्ध होते. त्यांच्या काळात १९७९ मध्ये जपानमध्ये 'अल्टो' आली, किंमत ४ लाख ७० हजार येन. स्वस्त होती आणि धडाक्यात खपली.

भिलाईला परदेशी भागीदार नवे नव्हते

आपला पोलाद कारखाना सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभा राहिला, हे भिलाईतल्या मुलांना पाढ्यांसारखं पाठ असतं. करार १९५५ चा, पहिली झोतभट्टी १९५९ ची. मारुतीची कथा बरीचशी तशीच. सरकारी कंपनी आपली, तंत्र बाहेरचं, फक्त या वेळी जपानचं. १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन झाला आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा वाटा तेव्हा २६ टक्के होता.

दोन्ही कथांना जोडणारा एक माणूसही आहे. ज्यांच्या हाताखाली मारुतीचा कारखाना उभा राहिला ते व्ही. कृष्णमूर्ती १९८५ मध्ये 'सेल'चे अध्यक्ष झाले. आणि भिलाईचा कारखाना 'सेल'चाच.

जपानी लोकांनी गुरगावच्या कारखान्यात आणलेली एक पद्धत तेव्हाच्या सरकारी साहेबांना जड गेली असणार. साहेब आणि कामगार, सगळ्यांना एकच गणवेश, सगळ्यांना एकच कँटीन आणि सकाळी सगळ्यांनी मिळून कवायत.

नोंदणी उघडली तेव्हा १० हजार रुपये आगाऊ भरायचे होते, आणि तरी दोनेक महिन्यांत सव्वा लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. त्यांचं नाव सोडतीत निघालं होतं. किंमत ४७,५०० रुपये. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. हरपाल सिंग यांनी ही गाडी २०१० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत जपली.

तोपर्यंत आपल्याकडे कार म्हणजे अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी. ती चालवायला अनुभवी हात लागायचा, आणि बाहेर पडताना बरोबर पाण्याची बाटली, ती गाडीसाठी! मारुती हलकी होती, पटकन सुरू व्हायची, क्लच मऊ होता. भारतातल्या कितीतरी बायकांनी पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेतलं ते ८०० चं. नवऱ्याने "जमेल का तुला?" असं विचारलेल्या त्या पिढीला जाहिरातीची गरज नव्हती.

त्यानंतरची नावं तुम्हाला कुटुंबातल्या माणसांसारखी माहीत आहेत. १९८४ ची व्हॅन, जी पुढे ओम्नी झाली, शाळेच्या मुलांची ने-आण करत राहिली आणि हिंदी सिनेमात मात्र कायम अपहरणाला वापरली गेली. मग जिप्सी, झेन, १९९९ ची वॅगन आर, २००० ची अल्टो, २००५ ची स्विफ्ट. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं.

दरम्यान सुझुकीचा वाटा वाढत गेला, २००२ मध्ये अर्ध्याच्या वर गेला, आणि २००७ मध्ये सरकार पूर्ण बाहेर पडलं. याच कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेत आणि २०१८ मध्ये चीनमध्ये कारचा धंदा गुंडाळला. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या बाजारांतून निघून गेलेली कंपनी आज उभी आहे ती तुमच्या-आमच्यामुळे. ओसामू सुझुकींचं डिसेंबर २०२४ मध्ये निधन झालं. त्यानंतर महिन्याभरात भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं.

मालक काय म्हणतात?

मारुती वापरणाऱ्यांना विचारलं की तीन गोष्टी हमखास ऐकू येतात. मायलेज, सर्व्हिसिंगचा खर्च आणि विकताना मिळणारा भाव. चौथी गोष्ट हायवेवर कळते. संध्याकाळी सहा वाजता साकोलीच्या अलीकडे गाडी बंद पडली, तर जो पहिला मेकॅनिक भेटेल त्याला ही गाडी उघडता येते. हे सुख लहान नाही. महागडी गाडी घेऊन एका सेन्सरसाठी आठवडाभर वाट बघणाऱ्यांना विचारा.

तक्रारी? डिकीत चार दिवसांचं सामान मावत नाही, भरलेली गाडी एसी लावून ओव्हरटेक करायला कुरकुरते, हवं ते मॉडेल हव्या त्या रंगात पटकन मिळत नाही. पण या झाल्या किरकोळ. खरी तक्रार एकच, आणि ती भिलाईत जरा जास्तच ठसक्यात ऐकू येते. "पत्रा पातळ आहे." ज्या गावात रेल्वेचे रूळ आणि जहाजाच्या जाड प्लेटा बनतात, त्या गावातला निवृत्त माणूस गाडीच्या दारावर टिचकी मारून नाक मुरडणारच!

इथे मात्र थोडं थांबा, कारण या टिचकीत अर्धंच सत्य आहे.

टिचकीने गाडी कळत नाही

दाराचा किंवा बॉनेटचा बाहेरचा पत्रा टक्करीत तुम्हाला वाचवत नाही, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. आत लपलेला सांगाडा वाचवतो. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असाच बनवतात, म्हणजे धक्क्याचा जोर तिथे खर्ची पडतो. आणि माणसं बसतात तो मधला पिंजरा मात्र अजिबात दबता कामा नये. म्हणून अपघातानंतर "पुढचा सगळा चेंदामेंदा झाला" हे वाक्य नेहमी वाईट बातमीचं नसतं. पिंजरा टिकला का, हा प्रश्न विचारायचा.

आणि याच प्रश्नावर सुझुकीच्या लहान गाड्या कित्येक वर्षं कमी पडल्या. 'ग्लोबल एनकॅप' ही संस्था ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवून पाच तारकांपैकी गुण देते. २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या अल्टो आणि स्विफ्टला शून्य तारका मिळाल्या. २०२० मध्ये एस-प्रेसोला शून्य. २०२२ मध्ये स्विफ्टला एक. २०२३ मध्ये वॅगन आरला एक, अल्टो के-१० ला दोन. स्वस्त, हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी देण्याचा जो हट्ट आपल्याला फळला, त्याचीच ही दुसरी बाजू. आणि खरं सांगायचं तर दोष एकट्या कंपनीचा नाही. शोरूममध्ये आपणही पहिला प्रश्न "कितना देती है?" हाच विचारला.

पण तेवढ्यावर थांबलो तर अन्याय होईल. २०१८ मध्येच व्हिटारा ब्रेझाला चार तारका होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारका मिळाल्या, पिंजराही मजबूत ठरला. तीही काही मोठी, जड गाडी नाही. म्हणजे लहान गाडी सुरक्षित होऊ शकत नव्हती असं नाही. २०२५ मध्ये कंपनीने वॅगन आर, अल्टो के-१० अशा गाड्यांच्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग द्यायला सुरुवात केली. मात्र एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा आपोआप बदलत नाही, हे ध्यानात ठेवा. त्या मॉडेलची नवी चाचणी झाली आहे का ते बघा. आता 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची चाचणीही आहे.

मग तुमच्या घरातल्या वादाचं काय?

माझं मत विचाराल तर उत्तर गाडी कुठे फिरते यावर आहे. सुपेल्याची भाजी, सिव्हिक सेंटर, मुलांचा क्लास, देऊळ, एवढंच असेल आणि गाडी चांगली चालत असेल, तर बाबांचं ऐका. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर नोंदणी नव्याने करायला ५ हजार रुपये शुल्क लागतं आणि गाडीची तपासणी होते. गाडी २० वर्षांपुढे गेली की तेच शुल्क ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार १० हजार. हा खर्च नव्या गाडीच्या हप्त्यापुढे काहीच नाही.

पण वर्षातून चार-सहा वेळा पाच माणसं घेऊन नागपूरला जाणं होत असेल, तर मुलाचं ऐका. चौपदरी रस्त्यावर ट्रकच्या रांगेत ताशी ८०-९० ने धावणारी, एअरबॅग नसलेली पंधरा वर्षं जुनी गाडी हा वेगळाच हिशेब आहे. तिथे वाचवलेलं पेट्रोल मोजू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, उपकरही गेला. मुलाच्या बाजूने तेवढा एक मुद्दा वाढला म्हणा.

जुनी गाडी विकत घेणार असाल, तर आरसीवर बनवल्याचा महिना आणि वर्ष आधी वाचा. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची सगळ्या नव्या गाड्यांत जानेवारी २०२२ पासून. त्याआधीच्या सर्वांत स्वस्त मॉडेलांत ती असेलच असं नाही. सीट कव्हर चकचकीत आहे, म्युझिक सिस्टिम नवी आहे, यावर भुलू नका. कुठल्याही कंपनीच्या गाडीला हे लागू आहे.

आणि एक गोष्ट आजच करता येते, पैसे न खर्च करता. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. गाडी महागडी होती. आपल्याकडे मागे आजी बसते, मांडीवर नातू असतो आणि बेल्टचा विषय निघतच नाही. "मागे कशाला बेल्ट?" असं म्हणणारी आजी तुमच्या घरात असेल, तर पुढच्या वेळी निघण्याआधी तुम्ही स्वतः मागचं सीट कव्हर उचलून बघा. हौसेने कव्हर शिवून घेताना पुष्कळ गाड्यांत बकल खाली गाडलं जातं. कात्रीने दोन छोटे काप दिले की ते वर येतं.