थरथर थांबवणारी वीज

बुरहानपूरच्या कुंडी भंडाऱ्यात खाली उतरलं, की सातपुड्यातून झिरपत आलेलं पाणी अंधारात वाहताना दिसतं. १६१५च्या सुमारास ही भुयारं खोदणाऱ्यांनी जमिनीवर उभं राहून पोटातला प्रवाह नेमका हेरला होता. कंपवातावरची मेंदूची शस्त्रक्रिया त्याच जातीची आहे, फक्त इथे हिशेब मिलिमीटरचा.

कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशी झिजत जातात. लेव्होडोपाची गोळी ती उणीव भरते. पण तिचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. पेशी पुरेशा असतात तोवर हे जाणवत नाही. पुढे मात्र माणूस गोळीच्या वेळेवर जगू लागतो. असर उतरला की पाय जागीच खिळतात, चढला की कधी अंग नको तितकं वळवळतं.

१९८७ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे अलीम-लुई बेनाबिद हे शल्यचिकित्सक थरथर थांबवण्यासाठी मेंदूतला एक बिंदू जाळण्याआधी तिथे वीज सोडून जागेची खात्री करत होते. ठोके सेकंदाला शंभराच्या आसपास नेले आणि थरथर थांबली. वीज बंद केली, थरथर परत! मग जाळायचं कशाला? तारच तिथे ठेवली तर? पुढे अमेरिकेतल्या मेहलन डिलाँग यांच्या माकडांवरच्या अभ्यासातून सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे जेमतेम काही मिलिमीटरचं केंद्र पुढे आलं. आज बारीक तार तिथवर नेतात आणि बॅटरी गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. यालाच डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजेच डीबीएस म्हणतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून अनेकदा रुग्ण जागाच असतो. डॉक्टर मूठ उघड-मीट करायला सांगतात आणि आखडलेला हात त्यांच्यासमोर सैल होतो. मला यापुढे कुठलाही चमत्कार फिका वाटतो.

मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी अनेक वर्षं ही शस्त्रक्रिया करत आले आहेत. ती सर्वांसाठी नाही. थरथर सोडली, तर गोळीने जे सुधारतं तेच बहुधा विजेने सुधारतं. स्मृतिभ्रंश झालेल्यांना ती सहसा सुचवत नाहीत. म्हणून गोळी लागू पडते पण पुरत नाही, तेव्हाच न्यूरोलॉजिस्टना विचारावं. अंथरूण धरल्यावर नव्हे.

काहींना कातडीखाली अपोमॉर्फिन सोडणारा पंप चालतो. आणखी एका उपचारात कवटी न उघडता हजारभर ध्वनिलहरी एकाच बिंदूवर आणतात; तिथली पेशीजाळी तापून नष्ट होते, ती परत येत नाही. डीबीएसचा प्रवाह मात्र कमी-जास्त करता येतो. योग्य मात्रा सापडायला काही महिने लागतात, त्यामुळे बुरहानपूरच्या रुग्णाच्या कुटुंबाने आधीच विचारून ठेवावं: हे जुळवून देणारा डॉक्टर इंदूरला मिळेल, की दर वेळी मुंबईची गाडी धरावी लागेल?