स्पर्शाने ओळखावयाची हाक

मुरबाड तालुक्यातील म्हसे गावी पौष पौर्णिमेस म्हसोबाची यात्रा भरते आणि तिच्यासोबत गुरांचा मोठा बाजारही भरतो. घुंगुरमाळांचा नाद, पाळण्यांची करकर आणि विक्रेत्यांच्या आरोळ्या यांच्या गदारोळात खिशातील फोनची घंटा कोणास ऐकू येणार? अशा ठिकाणी माणूस कानापेक्षा कातडीवर अधिक विसंबतो. फोन थरथरला की हात आपोआप खिशाकडे जातो. परंतु तो कशासाठी थरथरला, हे हातास कळत नाही. घरचा निरोप, बँकेची सूचना आणि दुकानाची जाहिरात ही तिन्ही एकाच तऱ्हेने अंग हलवितात. दहा वेळा व्यर्थ खिसा चाचपल्यावर अकराव्या वेळी हात उठेनासा होतो. आणि खरी निकडीची हाक नेमकी तीच असावयाची.

यावर उपाय असा की, निरनिराळ्या निरोपांस निरनिराळी कंपने नेमून द्यावीत. फोनच्या पोटात एक चिमुकली मोटर असते व तिच्या आसावर एका बाजूस कललेले वजन बसविलेले असते. ती फिरू लागली की तोल ढळून सारा फोन हादरतो. अलीकडील पुष्कळ फोनांत स्प्रिंगवर बसविलेले वजन चुंबकाच्या योगाने पुढेमागे हलविले जाते. ते तत्काळ सुरू होते व तत्काळ थांबते; त्यामुळे लहानसा ठोकाही स्पष्ट उमटतो. तो टिपण्याची सोय निसर्गाने मनुष्याच्या त्वचेत आधीच करून ठेवली आहे. तिच्या खोल थरांत कांद्यासारखे पापुद्रे असलेली सूक्ष्म संवेदनाग्रे असतात. फिलिप्पो पाचीनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव त्यांस मिळाले आहे. सेकंदास सुमारे २५० या गतीची कंपने त्यांस सर्वांत उत्तम जाणवतात.

त्वचेस भाषा शिकविता येते, हेही सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रँक गेल्डार्ड यांनी १९५७ साली छातीवरील पाच जागा, कंपनाचे तीन जोर आणि तीन कालावधी यांच्या मिश्रणातून ४५ खुणांची एक लिपीच प्रसिद्ध केली. पुढे ग्लासगो येथील संशोधकांनी २००४ च्या सुमारास फोनसारख्या उपकरणांसाठी अशा स्पर्शखुणांचा अभ्यास केला. त्यातून दिसून आले ते हे की, कंपनाच्या जोरापेक्षा त्याचा ठेका ओळखणे माणसास सोपे जाते. तारमास्तर मोर्सच्या लिपीतील लांब व आखूड ठोके ओळखून मजकूर उतरवून घेत, त्यामागील तत्त्व हेच होय.

आता व्यवहाराकडे वळू. आयफोनात २०११ पासून पडद्यावर बोटाने ठेका धरून स्वतःचे कंपन तयार करता येते व ते विशिष्ट व्यक्तीच्या नावाशी जोडता येते. अँड्रॉइड फोनांत २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून एकाच अ‍ॅपच्या सूचना वर्गवार विभागता येतात व नको त्या वर्गाचे कंपन बंद करता येते; ठेका निवडण्याची सोय मात्र फोनागणिक बदलते. नवशिक्याने तीन-चारांहून अधिक ठेके घेऊ नयेत. घरच्या मंडळींस दोन लांब ठोके, कामाच्या माणसांस तीन आखूड, इतरांस एकच आखूड, आणि जाहिरातींस मुळीच काही नाही, एवढी वाटणी पुरेशी आहे. दोन-चार दिवस फोन न पाहता तर्क करावा व मग तो पडताळून पाहावा. हातास सवय लागते. मात्र फोन अंगालगत हवा. पिशवीत ठेवल्यास सारा खटाटोप वाया जातो.

ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे. कर्णबधिर मनुष्यास उशाखालचा फोन हीच रात्रीची हाक होय. पावसाळ्यात शहापूरकडे भातसा धरणाचे दरवाजे उघडावयाचे झाले, किंवा माळशेज घाटात दरड कोसळली, तर इशारा वेळेवर उमगणे हा प्राणांचा प्रश्न ठरतो. २०२३ साली भारतात मोबाइल मनोऱ्यांवरून एकाच वेळी असंख्य फोनांवर आपत्तीचा इशारा पाठविण्याच्या चाचण्या झाल्या. अमेरिकेत अशा इशाऱ्याचे कंपन नियमानेच ठरविलेले आहे: दोन सेकंदांचा एक लांब ठोका, मग एकेक सेकंदाचे दोन, मध्ये अर्ध्या सेकंदाची उसंत. तो ठेका दुसऱ्या कोणासही वापरू देत नाहीत, आणि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे.

घरातही हाच नियम लागू पडतो. ज्या ठेक्यावर हातातले काम टाकून उठावयाचे, तो मोजक्या माणसांसाठी राखून ठेवावा. तो वाटेल त्यास वाटून टाकला, तर ऐन संकटात आलेली हाकही दुकानदाराच्या जाहिरातीसारखीच भासेल व फोन खिशात तसाच थरथरत राहील.