छत्राखालून छत्राविरुद्ध

राजाविरुद्धचा लोकलढा जहाल का होतो, यावर ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत अजूनही खडाजंगी होते. एका विद्वान गृहस्थांचे उत्तर ठरलेले: बाहेरून आलेले चिथावणीखोर. मी दर वेळी त्यांना हैदराबाद संस्थानात नेतो. तिथल्या रयतेला जहाल केले ते निजामाच्या दरबारानेच.

1937 साली संस्थानातल्या मराठी मंडळींची महाराष्ट्र परिषद परतूरला भरली तेव्हाची भाषा किती मवाळ! पाठोपाठ आलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसनेही निजामाच्या छत्राखालीच जबाबदार राज्यपद्धती मागितली. तरी 1938 च्या सप्टेंबरात ती जन्माआधीच बेकायदा ठरली. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठातून वंदे मातरम् म्हणणारी पोरे काढली गेली, त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने पदरात घेतले. गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह थांबला, तिच्यावरची बंदी मात्र 1946 पर्यंत उठली नाही.

माझा जीव अडकतो तो नंतरच्या काळात. अर्जविनंत्यांवर भिस्त ठेवणारे मवाळ मागे पडले आणि गोविंदभाई श्रॉफांसारखी डावी मंडळी पुढे सरसावली. गंमत अशी, की स्टेट काँग्रेसचे भगव्या वस्त्रांतले नेते स्वामी रामानंद तीर्थ या डाव्यांच्याच बाजूला. 1947 च्या ऑगस्टमध्ये स्वामीजी तुरुंगात गेले आणि लढा गावोगाव पसरला. आधी शिंदीची झाडे तोडली, म्हणजे सरकारचे अबकारी उत्पन्न बुडाले. मग करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी पेटली. मग उमरखेड, सोलापूर, मनमाडकडच्या सरहद्दीवरच्या शिबिरांत बंदुका आल्या. लढणाऱ्यांनी उमरीची बँक लुटली ती 30 जानेवारी 1948 ला. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजी पडले.

हे सारे हिंदू-मुसलमानांचे भांडण म्हणून रंगवणाऱ्यांना मी शोएबुल्ला खानांची आठवण करून देतो. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांवर टीका करणाऱ्या ‘इमरोज’च्या या संपादकाला ऑगस्ट 1948 मध्ये ठार मारले गेले. आणि जे ही गोष्ट सप्टेंबरातल्या भारताच्या लष्करी कारवाईपासून सुरू करतात, त्यांच्याशी काय बोलणार? आमच्या ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरात कोचिंग क्लासांच्या पाट्यांना तोटा नाही. तिथल्या मुलांना बास्तीय कधी पडला ते तोंडपाठ, परतूर कुठे आहे ते ठाऊक नाही.

ग्वाल्हेरात असे पेटले नाही. सार्वजनिक सभा नावाची संघटना होती, चळवळही झाली. पण जिवाजीराव शिंद्यांनी एप्रिल 1948 मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही केली, 28 मे रोजी नेहरूंनी मध्य भारताचे उद्घाटन केले, लीलाधर जोशींचे मंत्रिमंडळ आले आणि महाराज राजप्रमुख झाले. 1957 ला महाराणी विजयाराजे काँग्रेसकडून गुना मतदारसंघातून निवडूनही आल्या. आमचे विद्वान याला ग्वाल्हेरचा समंजसपणा म्हणतात. म्हणोत. वेळेवर केलेल्या सहीचा तो गुण, रयतेच्या स्वभावाचा नव्हे.

निजामाने तशी सही केली नाही, तरी 26 जानेवारी 1950 ला तोही राजप्रमुख झाला आणि 1956 पर्यंत राहिला. शिबिरांत रात्री जागवलेल्यांच्या घशाखाली हे कसे उतरले असेल? तेलंगणात हत्यार उचललेल्या कम्युनिस्टांच्या तर नाहीच उतरले. त्यांनी बंदूक खाली ठेवली ती 1951 च्या ऑक्टोबरात.