बुद्धिवाद आणि शील

बुद्धिवाद म्हणजे निव्वळ विद्वत्ता नव्हे. कोणतेही मत पारखूनच स्वीकारण्याची ती वृत्ती आहे. धर्माच्या क्षेत्रात तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना हीच कसोटी दिली. परंपरा, ग्रंथ किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून काही मानू नये. अकुशल ते त्यागावे, हितकर ते आचरावे.

साहित्यात महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात अवतारकथांची चिकित्सा केली. ज्या कथा भक्तिभावाने ऐकल्या जात, त्यांतच शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा इतिहास दडला आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

समाजाविषयी बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणग्रंथात इशारा दिला : बुद्धी हे केवळ साधन आहे, बुद्धिजीवी वर्ग समाजाला तारू शकतो, तसाच फसवूही शकतो. म्हणूनच धम्मात प्रज्ञेसोबत शील व करुणा आहेत.

आज आपण ग्रंथांना हार घालतो. पण ते उघडतो का? शिकून पदावर पोचल्यावर वस्तीकडे वळून पाहतो का? पालकांना आमची विनंती आहे : मुलाने ‘असे का?’ विचारले, तर त्यास गप्प करू नये. बुद्धिवादाचा आरंभ त्या प्रश्नात आहे. दुसऱ्याचे दुःख जाणण्यात त्याचे सार्थक आहे.