पालक-शिक्षक संघ : नेतृत्वाची जबाबदारी

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असावे, असे ठरविले. ब्याण्णव वर्षांत पालक दंडास पात्र असलेल्या प्रजाजनाचा शाळेवर देखरेख ठेवणारा नागरिक झाला. पालक-शिक्षक संघाची धुरा वाहणाऱ्याने आपले काम या प्रवासाच्या प्रकाशात पाहावे, असे आम्हास वाटते.

परंतु कायद्याने दिलेली खुर्ची सभेच्या दिवशी रिकामी राहिली, तर त्या हक्काचा उपयोग काय? पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील आपला पालक बहुधा मराठवाडा-विदर्भातून आलेला, कंत्राटी कामगार असतो. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि सभा मात्र रविवारी भरते. मग तेच चार-पाच पालक बोलतात आणि न आलेल्यांवर बेफिकिरीचा शिक्का बसतो. म्हणून अनुपस्थित पालकाचे कारण शोधणे, हे नेतृत्वाचे पहिले कर्तव्य होय. सभेची तारीख महिनाभर आधी कळवावी. पाळ्या पाहून एकच सभा दोन वेळांना घ्यावी. इतिवृत्त केवळ फलकावर लावून भागत नाही. ज्या माउलीस वाचता येत नाही, तिच्यासाठी ते वाचून दाखवावे.

दुसरे कर्तव्य विश्वासाचे. जमाखर्च प्रत्येक सभेपुढे ठेवावा. वर्गणी ऐच्छिक असावी आणि न देणाऱ्याचे नाव उच्चारू नये. पदाचा उपयोग स्वतःच्या पाल्यासाठी करू नये. शिक्षकाविषयीची तक्रार लेखी घ्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे आणि मगच ती सभेपुढे आणावी.

तिसरे कर्तव्य निवासी शाळेत सर्वांत मोठे आहे. येथे मूल रात्रीही आपल्या हवाली असते. भोजन, पाणी, आजारपण, मुलींच्या खोल्यांची सुरक्षितता यांची पाहणी पालक प्रतिनिधींनी स्वतः करावी. मुलाच्या लैंगिक छळाची माहिती मिळाल्यास शाळेची अब्रू म्हणून ती बैठकीत मिटविण्याचा अधिकार कोणालाही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. बालकांसाठी १०९८ हा मदत क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा.

महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी वज्जींच्या अभ्युदयाची कारणे सांगताना वारंवार एकत्र जमणे, एकोप्याने बसणे आणि एकोप्याने उठणे यांना अग्रस्थान दिले आहे. एकोपा म्हणजे सर्वांनी मान डोलावणे नव्हे. शेवटच्या बाकावर बसलेल्या, अंगावर कारखान्याचा गणवेश असलेल्या पालकाने निर्भयपणे प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर त्याच सभेत मिळावे, हा खरा एकोपा. तो घडवून आणणे, हेच संघाच्या नेतृत्वाचे मुख्य काम आहे.