पहिला तंबू घेताना

तंबू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? जत्रेतला सिनेमाचा तंबू, तमाशाची कनात, सर्कशीचे ते अवाढव्य छत, नाही तर माळावर उतरलेल्या मेंढपाळांचे पाल. ज्यांनी शाळेत स्काउटचे शिबिर केले असेल त्यांना खाकी कापडाची राहुटी आठवेल, आणि पाऊस सुरू झाला की "आतून कापडाला बोट लावू नका रे" म्हणून ओरडणारे गुरुजीही आठवतील. आज मला ज्या तंबूविषयी सांगावयाचे आहे तो यांपैकी कोणताच नव्हे. आईवडील, दोन मुले आणि एखादे वेळी आजी, असे एक घर सुट्टीत एक-दोन रात्री उघड्यावर काढायला निघते, त्या घराचा हा तंबू. भंडारदऱ्याच्या आणि पवनेच्या काठाला हल्ली असे तंबू पुष्कळ दिसतात. तिथल्या वाड्यांतले तरुण ते भाड्याने देण्याचा जोडधंदाही करतात. तेव्हा तुम्ही तंबू घेणारे असा की भाड्याने देणारे, पुढच्या गोष्टी दोघांच्याही उपयोगाच्या आहेत.

आधी आकड्याचे पाहू. तंबूच्या पिशवीवर '४ माणसे' असे छापलेले असते. आपण घरात चौघे, म्हणून आपण तोच उचलतो. पण कारखानदार माणसे मोजतो ती ओळीने निजवलेली, हातपाय न हलवणारी, अंथरुणाला अंथरूण चिकटवलेली. चार माणसांच्या तंबूची जमीन बहुधा सात फूट लांब आणि सात-आठ फूट रुंद असते, म्हणजे माणशी फार तर दोन फूट. त्यात पिशव्या कुठे, चपला कुठे आणि पाण्याची कळशी कुठे? दुकानात जाण्याआधी एक करा. घरात खडू असतोच. पडवीत सात फुटांचा चौकोन आखा, त्यात अंथरुणे घाला आणि घरातली सगळी माणसे एक रात्र त्या रेषेच्या आत निजवा. सकाळी कोण कोणाच्या अंगावर आहे ते पाहिले म्हणजे दुकानदाराला काय सांगावयाचे ते आपोआप कळते. साधारणपणे घरातल्या माणसांत दोन मिळवावेत. चौघांच्या घराला सहा माणसांचा तंबू नीट होतो. आजी बरोबर येणार असेल तर तिला उभे राहून लुगडे नेसता येईल एवढी उंची आणि न रांगता आत जाता येईल असे दार पाहावे. मात्र असा तंबू आठ-दहा किलो भरतो. एस.टी.च्या टपावर किंवा गाडीत तो चालेल, गडावर पाठीवरून न्यायचा असेल तर चालणार नाही. त्यापेक्षा दोन लहान तंबू घ्यावेत, एकात आई आणि एक मूल, दुसऱ्यात बाप आणि दुसरे मूल.

माझा पहिला तंबू असाच आकडा वाचून घेतलेला होता. जानेवारीत आम्ही चौघे भंडारदऱ्याला गेलो. प्रवरेवरचे तिथले धरण १९२६ साली पुरे झाले, आणि त्याच्या जलाशयाच्या काठी थंडीच्या दिवसांत दाट दव पडते. तंबू एकेरी कापडाचा होता. रात्री गारठा वाढला तशा मी उठून एकेक खिडक्या लावल्या, वरची झडप ओढली, दाराची साखळी शेवटपर्यंत सरकवली. पहाटे मुलगी रडत उठली. तिच्या पांघरुणाला पाणी लागले होते. छतावरून थेंब ओघळत होते. "गळका तंबू आणलात," असे घरातून ऐकून घ्यावे लागले. मी बाहेर येऊन पाहतो तो आकाशात एक ढग नाही, चांदण्या लखलखताहेत. तंबू गळलेला नव्हता. ते पाणी आमचेच होते. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो, दव कसे पडते हे दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगतो. आणि तंबूतले पाणी ओळखायला मला चांगला अर्धा तास लागला.

हे पाणी येते कसे? निजलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. आम्ही चौघे, म्हणजे लिटरभर पाणी. घरात ते दाराखिडक्यांच्या फटींतून निघून जाते. तंबूचे कापड मुद्दाम पाणी न झिरपणारे केलेले असते, म्हणून बाहेरचे पाणी आत येत नाही, तसे आतलेही बाहेर जात नाही. बाहेरच्या गारठ्याने कापड थंड पडले की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम यावा तसा त्याला आतून घाम येतो. यावर उपाय दुहेरी तंबूचा. त्यात आतली खोली जाळीची किंवा हवा खेळणाऱ्या पातळ कापडाची असते आणि तिच्यावर चार बोटे अंतर सोडून पाणी अडवणारे दुसरे आच्छादन ताणलेले असते. श्वासाची वाफ जाळीतून बाहेर पडते, वरच्या आच्छादनाला लागते आणि त्याच्याच आतल्या अंगाने खाली ओघळून जमिनीत मुरते. अंथरूण कोरडे राहते. अट एकच, दोन्ही कापडे एकमेकांना चिकटता कामा नयेत. म्हणून दुकानात तंबू उभा करून घ्या आणि मधून हात फिरवून पाहा. वरच्या बाजूला समोरासमोर दोन झडपा आहेत का, आणि पाऊस असतानाही त्या उघड्या ठेवता येतील अशी त्यांच्यावर टोपी आहे का, हेही पाहा. आणि थंडी वाजली तरी त्या झडपा लावू नका. अंगावर एक घोंगडी जास्त घ्या.

त्याच रात्रीची दुसरी गोष्ट सांगतो. सांगताना मला बरे वाटत नाही, पण सांगितली पाहिजे. निजण्याआधी मुलांना ऊब मिळावी म्हणून मी निखाऱ्यांची शेगडी तंबूच्या दारात आणली होती आणि ती आत कोपऱ्यात ठेवण्याच्या बेतात होतो. जेवणाच्या भाकरी घेऊन जवळच्या वाडीतल्या एक आजीबाई आल्या होत्या. त्यांनी ते पाहिले आणि भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "बाबा, दार लावून पोरांपाशी इंगळ नको ठेवू. निजलेलं माणूस उठत न्हाई." मी शेगडी बाहेर ठेवली, ती त्यांच्या भिडेखातर. त्यांचे म्हणणे मला तेव्हा पटले होते असे नाही. नंतर दारे-खिडक्या मी किती घट्ट लावल्या हे आठवले की अजून पोटात गोळा येतो.

कोळसा, लाकूड, रॉकेल, गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर असला तर माणूस खोकून उठेल, हा वायू खोकवतही नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, तो या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. मग श्वास चालू राहतो आणि अंगाला प्राणवायू मात्र मिळत नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते. झोप आपल्याला हवीच असते, म्हणून कोणाला शंका येत नाही. लहान मुलांवर परिणाम आधी होतो. राखेने झाकलेला, विझल्यासारखा दिसणारा निखारासुद्धा हा वायू सोडत राहतो. खिडकी किलकिली ठेवली म्हणजे झाले, असेही समजू नका. तंबूत शेगडी नको, स्टोव्ह नको, कंदील नको. दिवा बॅटरीचा असावा. चूल तंबूपासून पंधरा-वीस पावलांवर, आणि वारा तंबूकडून चुलीकडे वाहत असेल अशा बाजूला. तंबू भाड्याने देणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. पाहुणा कितीही कुडकुडत असला आणि त्याने कितीही गळ घातली तरी त्याला शेगडी आत नेऊ देऊ नका.

कापडाचाही इथे विचार केला पाहिजे. आजचे तंबू बहुतेक पॉलिएस्टरचे नाही तर नायलॉनचे असतात. ते हलके, लवकर वाळणारे, पण ठिणगीने भोक पडते आणि पेटले तर वितळून अंगाला चिकटते. १५ एप्रिल १९९७ रोजी मक्केजवळ मिना येथे हाजयात्रेकरूंच्या तंबूंना आग लागली, वाऱ्याने ती पसरली आणि तीनशे चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर तेथे काचतंतूंच्या, सहजासहजी न पेटणाऱ्या कापडाचे तंबू उभारण्यात आले. आपल्या घरगुती तंबूला काही दुकानदार 'आग न लागणारा' म्हणतात. फार तर तो सावकाश पेटणारा असतो, एवढेच त्यातून समजावे.

आता पावसाचे. तंबूवर '२००० मिमी', '३००० मिमी' असे लिहिलेले असते. माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांनी मला विचारले, "महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, मग तिथे हा तीन हजारांचा तंबू कसा टिकणार?" प्रश्न रास्त आहे, पण ही दोन मापे निराळी. पावसाचे मिलिमीटर म्हणजे किती पाणी पडले. तंबूचे मिलिमीटर म्हणजे कापड पाण्याचा किती दाब सोसते. कापडाचा तुकडा ताणून त्यावर उभ्या नळीत पाणी चढवत नेतात. कापडातून थेंब डोकावू लागले की नळीतल्या पाण्याची उंची मोजतात. २००० चा अर्थ, दोन मीटर उंच पाण्याचा दाब त्या कापडाने अडवला. छताला दोन हजार पुरते. तळाला तीन हजार किंवा त्याहून अधिक हवेत, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो, टाच रोवतो, तेव्हा छतावरच्या थेंबापेक्षा कितीतरी अधिक दाब तळाच्या कापडावर पडतो. आणि तळाचे कापड परातीसारखे कडेने चार-सहा बोटे वर आलेले असावे, म्हणजे वाहते पाणी शिवणीपर्यंत पोहोचत नाही.

खरी गळती पुष्कळदा शिवणीतूनच होते. जिथे सुई गेली तिथे भोक पडलेच. चांगल्या तंबूत शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. ती सगळीकडे आहे ना, हे उजेडात धरून पाहा. स्काउटच्या राहुटीला बोट लावायचे नाही ते कशासाठी, हेही इथेच सांगून टाकतो. ते कापड सुती. भिजले की सुताचे धागे फुगतात, विणीतली छिद्रे बुजतात आणि पाणी वरच्या अंगाने निसटून जाते. आतून बोट लागले की त्या जागी पाण्याला वाट मिळते आणि थेंब ठिबकू लागतात. नव्या कापडांना ही भीती बेताची. तरी भर पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर मुलाबाळांचा पहिला मुक्काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस शिकायला चांगले. तेव्हाही कोरड्या ओढ्याच्या पात्रात, धरणाच्या खालच्या अंगाला नदीच्या वाळूत, किंवा एकट्या उंच झाडाखाली तंबू ठोकू नये.

आपल्या डोंगरांत आणखी एक अडचण आहे. माथ्यावर गेले की वीतभर मातीखाली काळा कातळ लागतो. मेख अर्धी जाते आणि वाकडी होते. जो तंबू मेखांच्या जोरावरच उभा राहतो तो इथे फजिती करतो. म्हणून कमानीसारख्या वाकणाऱ्या काठ्यांवर आपल्या आपण उभा राहणारा, घुमटाच्या आकाराचा तंबू आपल्याकडे बरा. घुमटावरून वारा सरकून जातो. सरळ भिंतींचा, खोलीसारखा तंबू ऐसपैस खरा, पण वाऱ्याला तो शिडासारखा सापडतो. काठ्या दोन जातींच्या मिळतात. काचतंतूंच्या स्वस्त असतात, पण त्या उभ्या चिरतात आणि त्यांचे कुसळ हातात शिरले की काढताना पाणी येते डोळ्यांत. ॲल्युमिनियमच्या महाग, पण वाकल्या तरी एखादी रात्र निभावून नेतात. कातळावर तणावे मोठ्या धोंड्यांना बांधावेत. आपल्या आपण उभा राहणारा तंबूही न बांधता सोडू नये, रिकामा असला तर वाऱ्याने सरळ दरीत जाईल.

हे सगळे प्रथम मुक्कामाला जाऊन करू नका. आपल्या अंगणात करा. दिवसा एकदा, आणि मग दिवा मालवून अंधारात एकदा, कारण बहुधा पोहोचायला उशीर होतोच. उभा केल्यावर झारीने किंवा नळीने पंधरा मिनिटे पाणी सोडा आणि एकाला आत बसवा. मुले हे काम आनंदाने करतात. तंबूखाली जादा कापड अंथरणार असाल तर ते तळापेक्षा चार बोटे आखूड ठेवा. बाहेर डोकावणारा काठ पावसाचे पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणतो. परत आल्यावर तंबू सावलीत पूर्ण वाळवा. ओला गुंडाळला तर बुरशी धरते आणि पाणी अडवणारा आतला लेप पुढे चिकट होऊन सुटू लागतो. कडक उन्हात दिवसचे दिवस ठेवला तर कापड विरते. आणि आत खाऊ, गुळाचा खडा, शेंगदाणे काही राहू देऊ नका, उंदीर तंबू कुरतडल्यावाचून राहणार नाहीत.

तंबूबरोबर ज्या मेखा मिळतात त्या बहुधा तारेसारख्या बारीक असतात. गावात लोहार असेल तर त्याच्याकडून वीतभर लांबीच्या, डोक्याला आकडा असलेल्या बारा-चौदा मेखा करून घ्या. ठोकताना मेखेचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवा, म्हणजे तणाव्याच्या ओढीने ती उपटत नाही. आणि प्रत्येक तणाव्याला पांढरी चिंधी बांधा. रात्री मुले लघवीला उठतात आणि पहिली ठेच त्या दोरीलाच लागते.